सोलापूरच्या माळरानावर झाडे लावावीत का? वृक्षलागवड आणि देशी वनस्पतींची विविधता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस जवळ आला की सोलापूर शहरातून, मोहोळ-करमाळा-बार्शीकडच्या गावांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून एकच विचारणा सुरू होते : यंदा गावाबाहेरच्या माळावर झाडे लावायची आहेत, कोणती लावावीत? विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते आणि तिच्याविषयी आम्हाला आदर आहे. तथापि रोपे कोणती हे ठरवण्याआधी त्या माळावर आज काय उगवते हे पाहिले पाहिजे, आणि बहुतेक वेळा तेवढेच राहून जाते. गेल्या काही वर्षांत लोकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची आम्हाला योग्य वाटणारी उत्तरे खाली दिली आहेत.

माळरान म्हणजे जंगल तुटल्यावर उरलेली उजाड जमीन नव्हे काय?

हा समज फार खोल रुजलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी असतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा असतो. भीमा आणि सीना यांच्या काठी खोल काळी माती आहे. पण पाणलोटाच्या उंच भागात बेसाल्टवर जेमतेम वीतभर माती आणि खाली मुरूम अशी स्थिती असते. अशा हवेत आणि अशा मातीत दाट जंगल हे निसर्गाचे स्वाभाविक रूप नाही. गवत, त्यात विखुरलेली हिवर, बोर, बाभूळ, खैर, तरटी, हेंकळ अशी काटेरी झाडे, तरवडाची झुडपे आणि पावसाळ्यापुरता वर येणारा कंदवर्गीय झाडोरा ही या प्रदेशाची मूळ वनश्री आहे. शास्त्रज्ञ तिला सॅव्हाना म्हणतात.

ती किती जुनी आहे याचे पुरावे दोन अगदी वेगळ्या ठिकाणांहून मिळतात. शिवालिक टेकड्यांमधील प्राचीन मातीतील कार्बनच्या अभ्यासावरून भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशातील गवते सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर पसरली असे दिसते. म्हणजे माणसाने कुऱ्हाड हाती घेण्याच्या कितीतरी आधी. दुसरा पुरावा आपल्या भाषेतला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्ययुगीन मराठी साहित्यातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यात मोठा भरणा माळरानावरच्या काटेरी आणि ऊन मागणाऱ्या झाडांचा निघाला, आणि त्यावरून पश्चिम महाराष्ट्रातील ही माळराने निदान साडेसातशे वर्षे तरी अशीच आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेने पंढरीत विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला आणि तिला पुरले तेथे तरटीचे झाड उगवले, ही कथा घराघरात सांगितली जाते. तरटी हे दाट सावलीतले झाड नाही. ते उघड्या माळाचे झाड आहे.

मग सरकारी कागदावर ही जमीन पडीक म्हणून का नोंदलेली असते?

कारण जमीन मोजण्याची आपली पद्धत महसुलाच्या गरजेतून घडलेली आहे. ज्या जमिनीतून पीक नाही किंवा लाकूड नाही, ती पड, पोटखराबा किंवा गायरान ठरली, आणि पुढे देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही झुडपी व गवताळ प्रदेशांची गणना त्याच रकान्यात झाली. उलट बाजूने, भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांचे आच्छादन १० टक्के वा जास्त असेल तर ती जमीन वनाच्छादनात धरते, मग ती झाडे निलगिरीची असोत की सागाची. याचा परिणाम असा होतो की शंभर जातींच्या वनस्पती असलेला माळ कागदावर शून्य ठरतो आणि त्यावर एकाच परदेशी जातीची झाडे लावली की वनाच्छादन वाढल्याची नोंद होते.

माळावर देशी वनस्पती तरी अशा कितीशा असतात? उन्हाळ्यात तर काहीच दिसत नाही.

उन्हाळ्यात दिसत नाही हे खरे, कारण त्या वेळी माळाचा जीव जमिनीखाली असतो. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, सोलापूरजवळच्या नान्नज गावाच्या बाजूच्या कोणत्याही न नांगरलेल्या माळावर जावे. चार काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करून जमिनीवर ठेवावी आणि गुडघे टेकून पाहावे. आम्ही विद्यार्थ्यांसोबत हे दरवर्षी करतो. प्रथम नजरेत भरतात ती गवते : शेडा, पवन्या, मारवेल, आणि जिची कुसळे धोतराला व पायमोज्यांना चिकटतात ती कुसळी. गवताची बुंधे हाताने बाजूला केली की मधल्या मोकळ्या जागेत विष्णुक्रांतेची निळी फुले दिसतात, जमिनीलगत पसरलेल्या नीळवर्गीय वनस्पतींची तांबूस फुले दिसतात, शेवऱ्याच्या बारीक शेंगा दिसतात. एखाद्या दगडाच्या आडोशाला शिंदळमाकुडीचे मांसल, चौकोनी देठ उभे असतात. आपल्या भागातली जुनी माणसे ते ओरबाडून मिठाशी खातात. नशीब असेल तर कंदीलपुष्पाची वेल सापडते. तिचा कंद मुरमाच्या फटीत इतका घट्ट बसलेला असतो की कुदळीशिवाय निघत नाही, आणि एकदा निघाला की पुन्हा रुजत नाही असे आमच्या पाहण्यात आहे.

ही सगळी मोजदाद एका चौरस मीटरची आहे. चौकट पाच पावले सरकवली की यादीत नवी नावे येऊ लागतात.

लागवडीमुळे या वनस्पतींवर नेमका कसा परिणाम होतो?

एकाच कारणाने नव्हे, तर चार-पाच कारणे एकमेकांत गुंतून परिणाम होतो. म्हणूनच तो भरून काढणे अवघड जाते.

पहिले कारण सावली. आपल्या माळावरची मुख्य गवते सी-४ नावाच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. कडक ऊन, जास्त तापमान आणि कमी पाणी अशा स्थितीत ही पद्धत फार कार्यक्षम असते, पण प्रकाश कमी झाला की तिचा लाभ संपतो. तीन मीटर अंतरावर रोपे लावली तर हेक्टरी सुमारे ११०० झाडे होतात. ती जगली आणि त्यांचे माथे जुळले की खालचे गवत विरळ होत जाते आणि गवताच्या आधाराने राहणारी लहान फुलझाडेही त्याच्या मागोमाग जातात.

दुसरे कारण मातीची उलथापालथ, आणि आमच्या मते आपल्या जिल्ह्यात हेच सर्वात घातक आहे. लागवडीपूर्वी माळावर यंत्राने सलग समतल चर खोदले जातात, खड्डे घेतले जातात, निघालेला मुरूम शेजारच्या गवतावर पसरतो. माळरानावरील बहुवर्षायू वनस्पती बियांपेक्षा जमिनीखालच्या कळ्या, कंद आणि जाड मुळे यांवर जगतात. दुष्काळ, चराई, वणवा या सगळ्यांतून त्या पुन्हा फुटतात, कारण त्यांची ठेव खाली सुरक्षित असते. यंत्राचा दात नेमका तेथेच लागतो. झाड मेले तरी चर राहतो. पावसाने झाड जगवले नाही तरी खोदलेली जमीन पूर्ववत होत नाही.

तिसरे कारण मातीतील नत्र. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ या शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर नत्र स्थिर करणारे जिवाणू असतात. शेताला हा गुण उपकारक आहे. माळाची वनस्पती मात्र नापीक जमिनीत जगायला शिकलेली असते; जमीन सुपीक झाली की तिचा फायदा वेगाने वाढणाऱ्या तणांना होतो, आणि गाजर गवत व घाणेरी यांना आत शिरायला वाट मिळते. याच्या जोडीला पानांच्या कुजणाऱ्या थराखाली बारीक बियांचे अंकुर गुदमरतात, आणि लागवडीभोवती कुंपण घालून चराई पूर्ण बंद केली तर उंच, दांडगी गवते किंवा तणे उरलेल्या लहान वनस्पतींना झाकून टाकतात.

हे केवळ निरीक्षण आहे, की मोजमापही झाले आहे?

मोजमाप झाले आहे आणि तेही आपल्याच राज्यात. आशिष नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात, वर्षाला ४५७ ते १९५४ मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी, जुनी, म्हणजे न नांगरलेली माळराने, वृक्षलागवडी, नांगरलेली शेते आणि पड सोडलेली शेते यांची तुलना केली. प्रत्येक प्रकारची १५ ठिकाणे घेतली होती. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या माळावर एका चौरस मीटरमध्ये सरासरी १२ देशी जाती आढळल्या, वृक्षलागवडीत ८, पड सोडलेल्या शेतात ६ आणि नांगरलेल्या शेतात ३. देशी वनस्पतींचे आच्छादन माळावर सरासरी ४९ टक्के होते, ते लागवडीत २७ टक्क्यांवर आले, आणि लागवडीत १८ टक्के जागा आक्रमक जातींनी व्यापलेली होती. जुन्या माळावर नोंदलेल्या ६५ जाती इतर कोणत्याही प्रकारच्या जमिनीवर सापडल्याच नाहीत. हा शेवटचा आकडा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. चौरस मीटरमागे चार जाती कमी झाल्या हे ऐकताना थोडे वाटते, पण जे जाते ते दुसरीकडे कोठेच नसते.

शेती माळाला लागवडीपेक्षा अधिक बदलते हेही याच आकड्यांवरून स्पष्ट होते, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक इतकाच की शेती करताना आपण निसर्गसंवर्धन करत आहोत असे कोणी म्हणत नाही.

जगातल्या इतर उष्ण प्रदेशांत काय अनुभव आहे?

अनुभव एकसारखा नाही, आणि तो का वेगवेगळा आहे हे समजले की सोलापुरात काय करावे हेही समजते. ब्रेमर आणि फार्ली यांनी २०१० मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा असे दिसले की नैसर्गिक गवताळ प्रदेश, झुडपी प्रदेश किंवा मूळ जंगल हटवून लागवड केली तर वनस्पतींच्या जाती घटतात; मात्र आधीच खराब झालेल्या किंवा परदेशी गवताच्या कुरणांवर लागवड केली तर त्या वाढू शकतात. लागवडीआधी त्या जागी काय होते, यावर सगळे अवलंबून असते.

प्वेर्तो रिको बेटावर एरियल लुगो आणि जॉन पॅरोटा यांनी दाखवून दिले की जंगल तोडून नापीक झालेल्या जमिनीवर परदेशी झाडांची लागवडसुद्धा दाईसारखे काम करते : तिच्या सावलीत पक्षी व वटवाघळे बिया आणतात आणि खाली देशी जंगलाची रोपे उठू लागतात. उत्तर थायलंडमध्ये, चिआंग माई येथे, १९९४ पासून वीस-तीस निवडक देशी जाती एकत्र लावून जंगल परत आणण्याचे पद्धतशीर काम चालू आहे. ही दोन्ही पावसाची, मुळात जंगलाची ठिकाणे आहेत. तेथील यश सोलापूरच्या माळावर आणून बसवता येत नाही.

आपल्याशी जवळचे नाते ब्राझीलच्या सेराडो या सॅव्हानाचे आहे. तेथे वणवे रोखल्यामुळे झाडी दाट होत गेलेल्या एका संरक्षित क्षेत्राचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडांतील कार्बन वाढला, परंतु वनस्पतींच्या जाती २७ टक्क्यांनी आणि मुंग्यांच्या ३५ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवरही वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभळी), पाईन आणि निलगिरीची झाडे यांनी शोला, म्हणजे घळींतल्या सदाहरित जंगलांभोवतीची उंचावरची कुरणे गिळली, हे दक्षिणेत जाणाऱ्या कोणालाही दिसते.

सोलापुरात गिरिपुष्पच एवढे का लावले गेले?

कारण ते जगते. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे झाड फांदीपासूनही लागते, जनावरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, पाण्याशिवाय तग धरते आणि दोन-तीन वर्षांत हिरवा पट्टा उभा राहतो. लावलेल्यांपैकी किती रोपे जगली हेच कामाचे माप असेल तर गिरिपुष्पाची निवड होणे साहजिक आहे. सुबाभळीबाबतही तेच झाले. तिची गणना आता जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींमध्ये होते.

मार्च महिन्यात गुलाबी फुलांनी डवरलेले गिरिपुष्पाचे पट्टे सुंदर दिसतात हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच पट्ट्यात पावसाळ्यात आपली चौकट ठेवून पाहावी आणि मग तारेपलीकडच्या माळावर पुन्हा ठेवावी. ही तुलना प्रत्येकाने स्वतः करावी, असा आमचा आग्रह आहे.

देशी झाडेच लावली तर प्रश्न सुटतो ना?

पूर्ण सुटत नाही. देशी म्हणजे कोठली देशी, हे पाहावे लागते. कोकणातले किंवा सह्याद्रीतले झाड महाराष्ट्राचे म्हणून सोलापूरच्या माळाचे होत नाही. शिवाय माळावरचे हिवराचे झाडसुद्धा हेक्टरी हजाराच्या हिशेबाने लावले तर सावली आणि खड्डे यांचा परिणाम तोच राहतो. निसर्गात ही झाडे विखुरलेली असतात आणि त्यांच्या विखुरलेपणातच गवताला जागा मिळते.

घनवन किंवा मियावाकी पद्धत माळावर चालेल काय?

माळावर नाही. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी ही पद्धत मुळात जेथे दाट जंगल हेच स्वाभाविक आहे अशा प्रदेशांसाठी विकसित केली, आणि तीत चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात. शहरातील भराव टाकलेल्या मोकळ्या भूखंडावर, कारखान्याच्या किंवा शाळेच्या आवारात ती वापरण्यास आमची हरकत नाही.

झाडे लावल्याने पाऊस वाढेल आणि भूजल भरेल, हे तर खरे आहे?

काही झाडे लावल्याने जिल्ह्याचा पाऊस बदलत नाही; तो मोसमी वाऱ्यांवर आणि बंगालच्या उपसागरातील प्रणालींवर ठरतो. पाण्याबाबत उलट काळजी घ्यावी लागते. फार्ली, जोबाजी आणि जॅक्सन यांनी २००५ मध्ये जगातील २६ पाणलोटांच्या ५०४ नोंदी एकत्र केल्या, तेव्हा गवताळ जमिनीवर वनीकरण केल्यावर वार्षिक प्रवाह सरासरी ४४ टक्क्यांनी आणि झुडपी जमिनीवर ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. निलगिरीच्या बाबतीत घट आणखी मोठी होती. हे आकडे जगभरचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडच्या मार्डी गावाच्या ओढ्याला लावता येणार नाहीत. पण खोल मुळांची सदाहरित झाडे गवतापेक्षा जास्त पाणी ओढतात, ही गोष्ट कमी पावसाच्या प्रदेशात अधिकच जाणवते. गवताचे दाट मूळ पावसाचा थेंब अडवते, माती धरून ठेवते आणि पाणी मुरू देते. चांगले गवत असलेल्या माळावरून वाहणारे पाणी किती नितळ असते हे मेंढ्या राखणाऱ्या धनगर बांधवांना विचारावे.

आणि कार्बन? हवामानबदलाच्या काळात झाडे नको म्हणणे योग्य आहे का?

गवताळ प्रदेशातील कार्बनचा मोठा भाग मातीत आणि मुळांत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण वणवा लागला तरी बहुतांश जागेवर राहतो. लावलेल्या झाडातला कार्बन तोडीत, आगीत किंवा दुष्काळात परत हवेत जातो, आणि माळ खोदताना मातीतला काही कार्बन आधीच सुटलेला असतो. झाडे हवीत, नक्की हवीत. मे महिन्यात सोलापूरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा रस्त्याकडेच्या कडुनिंबाची सावली कष्टकरी माणसाला काय असते, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ती सावली शहराला, वस्त्यांना, बसथांब्यांना, शाळांना हवी आहे.

माळढोक अभयारण्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात नान्नज परिसरातील माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. सुरुवातीचे ८,४९६ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पुढे कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. माळढोकाला दूरवर पाहता येईल असा उघडा माळ लागतो. झाडांच्या रांगांनी त्याची नजर अडते. काळवीट, खोकड, लांडगा, धाविक आणि चंडोल यांचेही जीवन याच उघडेपणावर उभे आहे. माळढोक आता येथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याची कारणे अनेक आहेत, आणि केवळ लागवडीवर दोष ठेवणे न्याय्य होणार नाही; परंतु त्याच्या घराची राखण करताना त्याच घरात झाडांच्या भिंती उभ्या राहिल्या, याचे दुःख वाटते.

गुरे-मेंढ्या चारणे बंद केले तर माळ आपोआप सुधारेल?

अति चराईने माळ खरोखरच बिघडतो. शेडा आणि पवन्या जातात आणि कुसळासारखी निकृष्ट गवते उरतात. मात्र चराई कायमची बंद करणे हा उपाय नाही. पावसाळ्यात गवताला बी धरेपर्यंत जनावरे बाहेर ठेवणे, दिवाळीनंतर गवत कापून नेणे आणि मग चरू देणे, ही आपल्याकडील जुनी कुरणांची रीत शास्त्रालाही धरून आहे.

तुमच्याकडून कधी अशी लागवड झाली आहे का?

झाली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका गावाच्या माळावर मोठ्या हौसेने खड्डे घेतले. त्यांत हिवर, चिंच, वड, करंज अशी रोपे लावली आणि पहिल्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घातले. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर थांबला आणि बहुतेक रोपे जळाली. पुढच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा प्रत्येक खड्ड्याभोवती पसरलेल्या मुरमावर गाजर गवताचे हिरवे वर्तुळ उभे होते. खड्ड्यांच्या रांगा दुरूनही त्या वर्तुळांवरून ओळखू येत होत्या. त्या गावातल्या एका आजींनी विचारले, "इथली माकुडी कुठं गेली रं?" त्यानंतर आम्ही रोपे आणण्याआधी चौकट नेऊ लागलो.

मग झाडे लावायची तरी कोठे?

जागा पुष्कळ आहेत. शेताचे बांध आणि विहिरींच्या कडा, गावठाण, शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, बाजारतळ, रस्त्यांच्या दुतर्फा, ओढे-नाल्यांचे काठ, जेथे करंज, उंबर, जांभूळ, बाभूळ ही झाडे मुळातच शोभतात, सोडून दिलेल्या खाणी आणि भरावाच्या जागा, आणि जी शेते अनेक वर्षे नांगरून नंतर कायमची सोडली आहेत ती. शेवटच्या प्रकारात काळजी एवढीच की पडीला गवत परतू लागले असेल तर लागवडीपेक्षा त्याला वेळ द्यावा. चिंच मुळात आफ्रिकेतून आलेली, पण शतकानुशतके आपल्या पारांवर आणि जेवणात आहे. पारावर चिंच लावण्याला आमचा मुळीच विरोध नाही. वनस्पती कोठून आली यापेक्षा ती कशाच्या जागी लावली जाते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आमच्या गायरानात लागवडीचा प्रस्ताव आला आहे. आम्ही काय करावे?

निर्णय होण्यापूर्वी एका पावसाळ्यात तरी त्या जागेची पाहणी करून घ्यावी. जमीन कधी नांगरली होती का, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. कधीच नांगरली नसेल तर ती जुनी समजून तिला हात लावू नये. शेडा, पवन्या, मारवेल यांची बुंधे, कंदवर्गीय वनस्पती आणि शिंदळमाकुडी आढळली तर तेही जुनेपणाचे लक्षण आहे. उलट, सगळीकडे गाजर गवत, तरोटा आणि वेडी बाभूळच असेल तर ती जागा बिघडलेली आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पाहणीत मिळालेली नावे या नोंदवहीत घालावीत आणि ग्रामसभेत त्या आधारे बोलावे. धनगर, गुराखी आणि रानभाज्या आणणाऱ्या स्त्रिया यांना या पाहणीत सोबत घ्यावे, कारण माळाची नावे त्यांच्याकडे आहेत.

माळ एकदा बिघडला तर परत येतो का?

येतो, पण माणसाच्या आयुष्याच्या मापाने नाही. नेर्लेकर आणि वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरातील आकडेवारीवरून दाखवले की नष्ट होऊन पुन्हा वाढलेल्या गवताळ प्रदेशांना पूर्वीची जातींची संख्या गाठायला निदान एक शतक, आणि बहुतेकदा हजारो वर्षे लागतील. गवत दोन-तीन वर्षांत हिरवे दिसू लागते, त्यामुळे फसगत होते. कंद आणि जाड मुळांच्या वनस्पती मागे राहतात.

आधी लावलेली झाडे आता काढून टाकावीत काय?

सरसकट नाही. वस्तीजवळची, लोकांच्या उपयोगाची झाडे राहू द्यावीत. जुन्या माळावरच्या गिरिपुष्प व सुबाभळीच्या लागवडीचा विचार मात्र करावा लागेल, आणि तो टप्प्याटप्प्याने. एकदम सगळे तोडले तर नत्राने सुपीक झालेल्या उघड्या जमिनीवर पहिला हक्क गाजर गवत सांगते. म्हणून पट्ट्यापट्ट्याने विरळणी करावी, बुंधे मुळासकट यंत्राने उपटू नयेत, फुटवे दरवर्षी कापत राहावेत आणि शेंगा धरण्याआधी सुबाभळीची रोपे हाताने काढावीत. वेड्या बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि तिचे बी लेंड्यांतून सर्वत्र जाते, म्हणून तिच्याकडे आधी लक्ष द्यावे. तिचे लाकूड सरपणाला चांगले चालते. वनजमिनीवर हे काम वन विभागानेच करायचे असते. खाजगी जमिनीवर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमातील अनुसूचित झाडे आणि शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाखालील परवानगी तपासून घ्यावी.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यात शेजारच्या जुन्या माळावरचे बी धरलेले गवत नोव्हेंबरमध्ये कापून अंथरावे. बाजारातले सुधारित चाऱ्याचे बी टाकू नये. चौकटींच्या जागा दगड पुरून कायम कराव्यात आणि दर सप्टेंबरमध्ये त्याच जागी मोजणी करावी. पहिल्या दोन वर्षांत शेडा किंवा पवन्या दिसला नाही तरी फुटवे कापणे थांबवू नये, कारण बहुतेक ठिकाणी मारवेल आधी येते आणि बाकीची गवते तिच्या मागून, तीही जेथे शेजारी जुना माळ शिल्लक आहे त्या बाजूने येतात.